विरुद्ध दिशेने गेल्यावर तळावरची वस्तू जागा बदलते: ध्वनीवर आधारित स्थाननिश्चिती अचूक कशी करावी?

तळठाव (प्रश्न)

नमस्कार. पाण्याखाली स्वतःहून चालणाऱ्या एका लहान वाहनाच्या साहाय्याने आम्ही तिघे तळाचे नकाशे तयार करतो. पाणी साधारण ४० मीटर खोल आहे आणि वाहन ३० मीटर खोलीवरून, सेकंदाला दीड मीटर वेगाने, समांतर रेषांत फिरते. जीपीएसचे संकेत पाण्यात शिरत नसल्यामुळे वाहनाचे स्थान आम्ही यूएसबीएल पद्धतीने, म्हणजे एकाच ट्रान्सड्यूसरवरून ध्वनीने अंतर आणि दिशा मोजून काढतो. होडीच्या बाजूला लोखंडी खांबाच्या टोकाशी, पाण्याखाली ३ मीटरवर ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा घटक) बसवलेला आहे. त्याच्या पिंगला, म्हणजे छोट्या ध्वनिसंकेताला, वाहनावरचा ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. जाण्यायेण्याच्या वेळावरून अंतर मिळते आणि ट्रान्सड्यूसरमधल्या जवळजवळच्या घटकांवर उत्तर पोहोचण्यातील सूक्ष्म फरकावरून दिशा मिळते. होडी एका जागी नांगरलेली असते, वाहन तिच्यापासून सुमारे ४०० मीटर अंतरावर काम करते, आणि होडीवर नोंदलेली स्थाने नंतर सोनारच्या चित्रांशी जोडली जातात.

अडचण अशी आहे की तळावर पडलेला एक काँक्रीटचा ठोकळा, जो सोनारमध्ये स्वच्छ दिसतो, तो वाहन एका दिशेने जाताना जिथे दिसतो त्यापासून परतीच्या रेषेवर साधारण ४ मीटर अंतरावर दिसतो. दुसऱ्या दिवशी होडी कामाच्या जागेच्या दुसऱ्या बाजूस नांगरली, तेव्हा पहिल्या दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या सरासरी जागांत सुमारे १३ मीटरांचा फरक निघाला. एकेका पिंगच्या स्थानांचा पसारा मात्र दीड मीटरच्या आतच असतो, म्हणून यंत्र खराब आहे असे वाटत नाही. आधी आम्ही साधी सरकती सरासरी वापरत होतो, आता कालमन फिल्टर (अपेक्षित स्थान आणि मोजमाप यांची सांगड घालणारी गणिती पद्धत) बसवला आहे. मार्गाची रेष पुष्कळ गुळगुळीत झाली, पण ठोकळा अजूनही एका जागी येत नाही. अधिक महागडे यूएसबीएल घ्यावे, की तळावर चार ट्रान्सपॉन्डर ठेवून एलबीएलकडे (त्यांच्यापासूनच्या अंतरांवरून स्थान काढण्याकडे) वळावे, की फिल्टरमध्येच आमचे काही चुकते आहे?

ध्वनिवेग आम्ही १५०० मीटर प्रतिसेकंद असा ठेवला आहे.

सुकाणू

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. पसारा दीड मीटरचा आणि सरक तेरा मीटरची, म्हणजे मोजमापातला गोंधळ कमी आहे आणि कायमची चूक मोठी आहे. सरासरी असो वा कालमन फिल्टर, दोन्ही गोंधळ पुसतात. कायमच्या चुकीला ते हात लावत नाहीत, उलट तिच्यावर गुळगुळीत मुलामा चढवतात. त्यामुळे नवे यंत्र घेण्यापूर्वी चूक कशाबरोबर हलते ते पाहावे, कारण प्रत्येक कारणाची चूक आपापल्या पद्धतीने हलते.

ध्वनिवेग चुकीचा असेल तर स्थान दृष्टिरेषेत, म्हणजे होडीपासून वाहनाकडे जाणाऱ्या रेषेत, पुढे किंवा मागे सरकते आणि ही सरक अंतराच्या प्रमाणात वाढते. ट्रान्सपॉन्डर उत्तर देण्यापूर्वी जो ठरावीक वेळ थांबतो तो चुकीचा नोंदलेला असेल, तर सरक दृष्टिरेषेतच होते, परंतु जवळ आणि दूर ती सारखीच राहते. एक मिलिसेकंदाच्या चुकीला सुमारे ७५ सेंटिमीटर. ट्रान्सड्यूसरची 'पुढची' दिशा आणि होडीची दिशा यांत कोन राहिला असेल, तर स्थान दृष्टिरेषेला काटकोनात सरकते, आणि तेही अंतराच्या प्रमाणात: ४०० मीटरवर एका अंशाला ७ मीटर. जीपीएसची अँटेना आणि ट्रान्सड्यूसर यांच्यातील अंतर, ज्याला आपण लिव्हर आर्म म्हणतो, ते चुकीचे मोजले असेल तर चूक अंतरावर मुळीच अवलंबून नसते, पण होडी नांगराभोवती फिरली की चूकही तिच्याबरोबर फिरते. आणि वेळेचा शिक्का चुकीचा असेल, तर स्थान वाहनाच्या स्वतःच्या मार्गावर मागे राहते.

ही शेवटची गोष्ट आपल्या चार मीटरांशी जुळते असे मला वाटते. होडी त्याच जागी असताना केवळ वाहनाची दिशा उलटल्याने जी चूक उलटते, तिचा होडीवरच्या कोनांशी किंवा ध्वनिवेगाशी संबंध असणे कठीण आहे. संगणकावर संदेश पोहोचला त्या क्षणाची वेळ आपण नोंदत असाल आणि पिंगचा खरा क्षण त्यापूर्वी १.३ सेकंदाचा असेल, तर दीड मीटर वेगाने प्रत्येक रेषेवर जवळपास २ मीटरांची सरक होते आणि विरुद्ध रेषांमध्ये मिळून ती ४ मीटर दिसते. एवढा उशीर ऐकायला फार वाटतो; पण ध्वनीला ४०० मीटर जाऊन यायलाच अर्धा सेकंद लागतो, त्यावर यंत्राची प्रक्रिया, तारेवरून जाणारा संदेश आणि एखाद्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेली ओळ हे सारे मिळवले तर तो मुळीच अशक्य नाही. होडीचे घड्याळ आणि वाहनाचे घड्याळ एकमेकांशी जुळते आहे ना, हेही त्याच वेळी तपासावे.

बाकीच्या कारणांसाठी एक दिवस वेगळा काढावा. एक ट्रान्सपॉन्डर वजन बांधून तळावर ठेवावा आणि होडीने त्याभोवती १००, २०० आणि ४०० मीटर त्रिज्येची वर्तुळे घ्यावीत. शिवाय काही ठिकाणी जागा तीच ठेवून होडीचे तोंड चारही दिशांना फिरवावे. ट्रान्सपॉन्डर हलत नाही, म्हणजे जे हलताना दिसेल ती सारी चूक. अंतरातील चूक अंतराविरुद्ध आलेखावर मांडली तर रेषेचा चढ ध्वनिवेगाची चूक सांगतो आणि शून्य अंतरावर उरलेला भाग थांब-वेळेची चूक सांगतो. मग तळावरचे स्थान, दिशेचा कोन, लिव्हर आर्म आणि ध्वनिवेग ही सारी अज्ञाते धरून लघुतम वर्ग पद्धतीने (उरलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करून) एकत्रित उत्तर काढता येते. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण त्यानंतर खांब प्रत्येक वेळी नेमक्या त्याच कोनात बसेल अशी खूण किंवा खीळ खांबावर जरूर करावी, अन्यथा दुसऱ्या दिवशी सारे मुसळ केरात.

होडीची दिशा आपण कशावरून घेता ते लिहिलेले नाही. चुंबकीय होकायंत्र असेल तर त्या लोखंडी खांबाजवळ त्याच्यावर विश्वास ठेवू नये. दोन जीपीएस अँटेना असतील तर त्यांच्यातील अंतर पाहावे: एक मीटर अंतरावरच्या अँटेनांपैकी एकीच्या स्थानात आडवी ५ मिलिमीटर चूक झाली तरी दिशेत सुमारे ०.३ अंश जातात, म्हणजे ४०० मीटरवर दोन मीटर. अँटेना दूर नेणे हा या सगळ्यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

लंबक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु ध्वनिवेगाबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण १५०० हा आकडा पुस्तकात शोभतो आणि मोजमापात घात करतो. समुद्राच्या पाण्याची क्षारता हजारात ३५ भाग धरली तर पृष्ठभागाजवळ २० अंश सेल्सिअसला ध्वनिवेग सुमारे १५२१ मीटर प्रतिसेकंद असतो, २८ अंशांना तो १५४१ होतो, आणि गोड्या पाण्यात २० अंशांना तो १४८२ च्या आसपासच असतो. थंड पाण्यात तापमानाच्या एका अंशाला वेग सुमारे ४ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो, ऊबदार पाण्यात ही वाढ अडीचच्या जवळ येते. क्षारतेच्या एका भागाला साधारण १.३ आणि खोलीच्या दर १०० मीटरला १.६ असा हिशेब आहे. आपल्या खोलीवर दाबाचा परिणाम नगण्य आहे, तापमानाचा मात्र अजिबात नगण्य नाही. प्रत्यक्ष वेग १५२१ असताना १५०० धरला तर ४०० मीटरवर साडेपाच मीटर अंतर कमी पडते, आणि होडी विरुद्ध बाजूस नेली की दोन्ही दिवसांच्या चुका एकमेकींपासून दूर ओढल्या जातात. आपल्या तेरा मीटरांतला मोठा वाटा इथेच असावा.

म्हणून पृष्ठभागापासून तळापर्यंत तापमान आणि क्षारता मोजणारे उपकरण दिवसातून निदान दोनदा सोडावे: सकाळी एकदा, ऊन चढल्यावर एकदा. वेग काढण्यासाठी चेन आणि मिलेरो, डेल ग्रोसो किंवा मॅकेन्झी यांपैकी कोणतेही समीकरण उथळ पाण्यात पुरेसे आहे. त्यांच्यातील फरकावर वाद घालण्यापेक्षा उपकरणाचा तापमापक तपासलेला आहे का ते पाहणे अधिक फायद्याचे.

आता वाकलेल्या मार्गाविषयी. पाण्याचे वरचे थर ऊबदार आणि खालचे थंड असले की ध्वनी खाली वाकतो. एका मीटर खोलीला वेग अर्ध्या मीटर प्रतिसेकंदाने उतरत असेल, तर आडव्या निघालेल्या ध्वनिकिरणाच्या वक्रतेची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर येते. अशा ४०० मीटर लांब मार्गाची लांबी सरळ रेषेपेक्षा केवळ ३० सेंटिमीटरने जास्त असते, पण त्याचा येण्याचा कोन सरळ रेषेपासून जवळजवळ ४ अंशांनी वेगळा असतो. याचा अर्थ असा की आपल्या अंतरांवर वाकण्यामुळे अंतर फारसे बिघडत नाही, उभा कोन मात्र पार बिघडतो.

सुदैवाने त्या उभ्या कोनाची आपल्याला गरजच नाही. ट्रान्सड्यूसरचे तोंड खाली असेल आणि वाहन दूर आडवे असेल, तर आडवी दिशा दोन मोजमापांच्या गुणोत्तरावरून ठरते आणि ध्वनिवेगाची चूक त्यात कापली जाते. उभ्या कोनात ती कापली जात नाही आणि क्षितिजाजवळ तर तिचा फुगवटा होतो. वाहनावर दाबमापक आहे, त्यावरून खोली काही सेंटिमीटरपर्यंत मिळते. मग आडवे अंतर हे तिरप्या अंतराच्या आणि खोलीच्या फरकाच्या वर्गांतून काढावे. वाहन ३० मीटरवर आणि ट्रान्सड्यूसर ३ मीटरवर असताना खोलीत पूर्ण एक मीटर चूक झाली तरी ४०० मीटरवरील आडव्या अंतरात ती ७ सेंटिमीटरच उतरते. यूएसबीएलने दिलेली खोली आपण वापरत असाल तर ती आजच बंद करावी.

ध्वनिवेगालाच अज्ञात मानण्याचा मार्ग किती दूर नेतो याचे उदाहरण समुद्रतळाच्या भूमापनात आहे. जहाजावर जीपीएस, तळावर ट्रान्सपॉन्डरांचा गट, आणि जहाजाने त्यांच्याभोवती फिरत घेतलेली असंख्य अंतरे. त्यांतून तळाचे स्थान आणि पाण्यातील ध्वनिवेगाचे बदल एकत्र सोडवले जातात. मार्च २०११ च्या तोहोकु भूकंपानंतर जपानच्या तटरक्षक दलाने तळ सुमारे २४ मीटर सरकल्याचे याच पद्धतीने दाखवले, आणि एरवी हीच पद्धत वर्षाला काही सेंटिमीटरांची हालचाल टिपते. आपल्याला तेवढी अचूकता नको आहे, पण मार्ग तोच आहे.

बुडबुडा

एका गोष्टीकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही. ट्रान्सड्यूसर ३ मीटरवर आहे, म्हणजे वाहनाच्या उत्तराबरोबरच पृष्ठभागावरून परावर्तित झालेली त्याची प्रतही येते. सरळ आणि परावर्तित मार्गांतील फरक काढायचे सोपे गणित असे: दोन्ही खोल्यांचा गुणाकार दुप्पट करून अंतराने भागावा. आपल्या आकड्यांनी तो ४५ सेंटिमीटर येतो, म्हणजे ०.३ मिलिसेकंद. आपला पिंग एकाच वारंवारतेचा, ५ ते १० मिलिसेकंदांचा असेल, तर दोन्ही संकेत पूर्णपणे एकमेकांवर पडतात, परावर्तित संकेताची कला (फेज) उलटलेली असल्याने ते कधी एकमेकांना खातात, आणि अंतरच नव्हे तर कलेवर अवलंबून असलेली दिशाही डळमळते. ५ किलोहर्ट्झ पट्ट्याचा रुंद संकेत, म्हणजे चढती शिट्टी किंवा सांकेतिक संकेत, जुळणी-फिल्टरमधून (पाठवलेल्या संकेताशी ताडून पाहणाऱ्या गाळणीतून) नेल्यावर सुमारे ०.२ मिलिसेकंदांपर्यंत वेगळे करू शकतो, तेव्हा तो पर्याय यंत्रात असल्यास जरूर निवडावा आणि सर्वांत मोठ्या शिखराऐवजी पहिल्या विश्वसनीय शिखराची वेळ घ्यावी.

त्याहून सोपा उपाय म्हणजे खांब लांब करणे. ट्रान्सड्यूसर ६ मीटरवर नेला की तो फरक दुप्पट, ९० सेंटिमीटर होतो. शिवाय होडीच्या पंख्याने उठवलेले हवेचे बुडबुडे आणि लाटांची ढवळाढवळ यांतूनही तो खाली जातो. लांब खांब लवचीक होतो आणि वाकला की सुकाणू यांनी सांगितलेला कोन बिघडतो, म्हणून त्याला पुढून आणि मागून ताण द्यावा. परावर्तनाच्या चुकीची ओळख सोपी आहे: परावर्तित मार्ग नेहमी लांबच असतो, त्यामुळे अंतरे एकाच बाजूला उडी मारतात. अशा एकतर्फी उड्यांची सरासरी घेणे म्हणजे चूक पक्की करणे.

अनुमान

फिल्टरवर जरा अन्यायच होतो आहे असे वाटते. कायमची चूक फिल्टर पुसत नाही हे खरे, पण त्या चुकीलाच स्थितीमध्ये, म्हणजे फिल्टर ज्यांचा अंदाज घेतो त्या राशींमध्ये, एक घटक म्हणून घातले तर तो ती शोधून काढू शकतो. ध्वनिवेगाचे प्रमाण, दिशेचा कोन, वेळेचा उशीर, हे सारे हळूहळू बदलणारे घटक मानावेत आणि शक्य असल्यास काम संपल्यावर संपूर्ण फेरीचा एकत्रित हिशेब करावा. नकाशा नंतरच करायचा असल्याने पुढची मोजमापेही मागच्या स्थानाला आधार देऊ शकतात. वाहनावर डॉपलर वेगमापक असेल तर काम पुष्कळ सोपे होते, कारण तळाच्या संदर्भात मिळणारा त्याचा वेग थोड्या काळापुरता अतिशय विश्वासार्ह असतो आणि ध्वनीवरून मिळालेले स्थान त्याचे दीर्घकाळचे भरकटणे रोखते. मात्र वाहनाच्या दिशेत एक अंश चूक असली तर डॉपलरवर चालताना दर किलोमीटरला १७ मीटर भरकटायला होते, हे लक्षात ठेवावे. काही वेगमापकांचा वेगही आत धरलेल्या ध्वनिवेगाच्या प्रमाणात येतो. तिथे खाऱ्या पाण्यात गोड्याची क्षारता राहून गेली तर पावणेतीन टक्के चूक होते.

वाईट पिंग गाळण्यासाठी फिल्टरला अपेक्षित स्थान आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतील फरक त्याच्या अनिश्चिततेशी ताडून पाहावा. दोन मितींत, फरकाच्या वर्गाला अनिश्चिततेच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याला ९.२ ही मर्यादा ठेवली तर शंभरातील एकच चांगला पिंग वाया जातो.

सुकाणू

अनुमान यांचे म्हणणे योग्य आहे, पण एका अटीवर: ती चूक दिसेल असे मार्ग घेतलेले असले पाहिजेत. होडी एकाच बाजूस नांगरलेली आणि वाहन समांतर रेषांत फिरणारे असेल, तर ध्वनिवेगाची चूक आणि तळावरील वस्तूची खरी सरक यांत फिल्टरला फरक करता येत नाही. तो काही तरी उत्तर देतो आणि त्यावर भरवसाही दाखवतो, आणि हाच धोका आहे. एकाच ट्रान्सपॉन्डरपासूनचे केवळ अंतर वापरणाऱ्यांना हे चांगले माहीत असते: सरळ रेषेत गेल्यास आरशातले खोटे स्थानही खऱ्याइतकेच जुळते, वळण घेतल्यावरच ते उघडे पडते. म्हणून आधी मोजून दुरुस्त करावे आणि उरलेल्या बारीक बदलांसाठी ते घटक फिल्टरवर सोपवावेत, त्यांच्या अनिश्चिततेला मोजून आलेली घट्ट मर्यादा घालून.

तळठाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, म्हणून निष्कर्ष येथे नोंदवतो.

वेळेचा शिक्का संदेश पोहोचल्याच्या क्षणाचा होता. यंत्राच्या संदेशात पिंगची स्वतःची वेळ असते आणि आमचा प्रोग्रॅम ती वाचतच नव्हता. दोन्हींतील फरक सरासरी १.३ सेकंद निघाला. ती वेळ वापरताच विरुद्ध रेषांतील चार मीटर जवळपास नाहीसे झाले. सुकाणू यांनी दिलेला आकडा इतका नेमका जुळल्याचे आम्हाला थोडे ओशाळवाणेही वाटले, कारण त्यांनी यंत्र पाहिलेले नव्हते आणि आम्ही ते रोज पाहत होतो.

तळावरच्या ट्रान्सपॉन्डरभोवती वर्तुळे घेतल्यावर ट्रान्सड्यूसरचा दिशाकोन ०.६ अंशांनी चुकलेला आढळला. पाण्याचे वरचे दहा-बारा मीटर २१ अंशांचे आणि तळाजवळचे १६ अंशांचे होते; प्रत्यक्ष मार्गाच्या हिशेबाने सरासरी ध्वनिवेग सुमारे १५१८ आला. म्हणजे ४०० मीटरवर दृष्टिरेषेत सुमारे ४.८ मीटर आणि काटकोनात ४.२ मीटर, होडी विरुद्ध बाजूस गेल्यावर दोन्ही दुप्पट, आणि दोघांचा एकत्रित फरक पावणेतेरा मीटर. लिव्हर आर्म दोन सेंटिमीटरपलीकडे चुकलेला नव्हता. दुरुस्तीनंतर दोन्ही दिवसांचे ठोकळे दीड मीटरच्या आत आले आहेत.

एक कोडे उरले आहे. दुपारी, वारा पडलेला आणि पाणी आरशासारखे असताना, ट्रान्सपॉन्डरची उत्तरे उशिरा येतात किंवा गळतात, आणि वाऱ्याच्या दिवशी तसे होत नाही. उलट व्हायला हवे असे आम्हाला वाटत होते.

बुडबुडा

शांत दुपारी दोन गोष्टी एकत्र येतात. पृष्ठभाग सपाट असल्याने तो ध्वनी अगदी स्वच्छ परावर्तित करतो आणि उलट्या कलेचा तो संकेत सरळ संकेताला जास्त जोराने खातो; खवळलेल्या पृष्ठभागावर तो विखुरला जाऊन दुबळा होतो. शिवाय वाऱ्याने ढवळले न गेल्याने पृष्ठभागाजवळचा थर तापतो, वेगाचा उतार तीव्र होतो आणि ध्वनी अधिक खाली वाकतो, त्यामुळे ३ मीटरवरचा ट्रान्सड्यूसर काही अंतरांवर जवळजवळ सावलीत जातो. कोणते कारण मोठे ते ठरवायला खांब एका दुपारी ३ वरून ६ मीटरवर न्यावा आणि त्याच वेळी वरच्या पाच मीटरांचे तापमान अर्ध्या-अर्ध्या मीटरने मोजावे. उत्तरे परतली आणि तापमानाचा उतार सौम्य असेल तर दोष परावर्तनाचा. उतार तीव्र असेल तर सावलीचा. दोन्ही प्रसंगी खांब खालीच ठेवावा लागेल, पण सावली असल्यास लांबच्या रेषांसाठी होडी जवळ नेण्यावाचून पर्याय नाही.